दुसऱ्यांच्या नावाची फुंक

त्याचं खरं नाव हजेरीत असेल तर असेल, टोळीत त्याला सगळे भाताच म्हणायचे. लोहाराचा असतो ना, तसला भाता. छाती अशी की शर्टाची वरची बटणं जन्मात कधी लागली नाहीत. गल्लीतली पोरं पोहायची ट्यूब, फुटबॉल, फुगे, जे काही फुगवायचं असेल ते घेऊन त्याच्या दाराशी यायची. एकदा कुणीतरी पैज लावली म्हणून त्यानं गरम पाण्यानं शेकायची रबरी पिशवी तोंडानं फुगवून फोडली होती. तुम्ही म्हणाल, असल्या गुणाचा माणसाला उपयोग काय. झाला ना उपयोग. न झाला असता तर बरं झालं असतं.

त्याचं काम लेपवाल्याचं. इमारतीतली उष्णता बाहेर जाऊ नये, बाहेरची आत येऊ नये, यासाठी जे काही भिंतीत, छतात, नळांवर घालतात, ते घालणारी ही माणसं. छताच्या पत्र्याखाली काचेच्या कापसाच्या गाद्या सरकवायच्या, तळघरातल्या बॉयलरला आणि वाफेच्या पाइपांना हातानं लेप थापायचा. नवीन घालणं त्यातल्या त्यात सुखाचं. काचेचा कापूस टोचायचा, मानेला, काखेत, ढुंगणाला सुद्धा, पण माणूस खाजवून खाजवून गप्प बसायचा. जुनं उतरवणं वाईट. जुन्या इमारतींत कधीकाळी ॲस्बेस्टॉसचा लेप चढवलेला असायचा. तो वाळून इतका ठिसूळ झालेला की हातोडीचा एक ठोका पडला की पीठ. कोंडलेलं तळघर, वायरीला लटकणारा एक दिवा, आणि त्या उजेडात ते पीठ नुसतं तरंगत राहायचं, खाली बसायचं नावच नाही. मास्क मिळायचे, मिळत नव्हते असं कोण म्हणतो. पण घामानं भिजले की गुदमरायला व्हायचं, म्हणून सगळ्यांचे मास्क गळ्यात. साहेब आला की नाकावर, साहेब गेला की गळ्यात.

वर्षातून एकदा तपासणी असायची. गोदामामागच्या खोलीत कंपाउंडर एक मशीन मांडून बसायचा. नळी ओठांत धरायची, छाती भरून हवा घ्यायची आणि आत आहे नाही ते सगळं बाहेर फुंकायचं. मशीन आकडा दाखवायचं. आकडा चांगला आला तर काम चालू. आकडा पडला तर ‘प्रकृती ठीक नाही’ म्हणून घरी. घरी म्हणजे कायमचं घरी. ज्या धुळीनं छाती खाल्ली तिच्याच पायी पोटावर पण पाय. टोळीतल्या एका म्हाताऱ्याला असं घरी बसवल्यावर मुकादमाचं डोकं चाललं. आणि मुकादमाचं डोकं चाललं की समजायचं, कुणाचं तरी वाटोळं होणार.

युक्ती अशी. फुंकेच्या दिवशी कुणी अंघोळ करायची नाही, तोंड धुवायचं नाही, अंग झटकायचं नाही. तळघरातून निघायचं ते थेट रांगेत. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, टोपी कपाळावर ओढलेली. सगळे एका साच्यातून काढल्यासारखे. कंपाउंडर नाव पुकारायचा, आणि ज्यांच्या छातीत काही राम उरला नव्हता त्यांच्या नावावर भाता आत जायचा. फुंकून बाहेर आला की टोपी बदलायची, सदरा बदलायचा, पुन्हा रांगेत. कंपाउंडरला कळत नव्हतं का? त्याला जेवणाच्या सुट्टीआधी रांग संपवायची होती. मान खाली घालून तो म्हणायचा, “पुढचा.” एकदाच म्हणाला, “तुमच्या टोळीचं नवल आहे बुवा. खोकला म्हाताऱ्याचा आणि फुंक पैलवानाची.” टोळी हसली. तोही हसला.

म्हणजे बघा. धूळ आपल्याला मारते आहे हे कुणाला कळू नये म्हणून तीच धूळ अंगावर वागवायची. वर एकमेकांच्या टोप्यांवर मूठमूठ भुगा शिंपडायचा, कमी पांढरा दिसत असेल तर. ही असली अक्कल दुसऱ्या कुणाला सुचायची नाही, ती आपल्याच माणसांना सुचते.

आणि भाता काय नुसता फुंकायचा? छे. त्यात त्यानं कला आणली. म्हणायचा, “पन्नाशीच्या माणसाची फुंक पंचविशीची आली तर आंधळ्याला पण संशय येईल.” मुकादमाच्या नावावर तो दर वर्षी थोडं कमी फुंकायचा, वय वाढलं म्हणून. जाड्या नावाचा एक गडी होता, त्याच्या नावावर सुरुवात जोरात आणि शेवटाला दम कमी. विडी ओढणाऱ्यांच्या नावावर मध्येच एक ठसका. प्रत्येकाला त्याच्या अंगाला बसेल असा श्वास बेतून द्यायचा. त्या दिवशी त्याचा थाट नवरदेवाचा. कुणी चहा पाजायचा, कुणी उकडलेली अंडी आणायचा, कुणी पाय चेपायचा. भाता आडवा पडून सांगायचा, “आज तुम्हा सगळ्यांचा प्राण माझ्या मुठीत आहे, नीट वागा.” खोटं नव्हतं ते.

एकाच माणसाच्या नावावर तो बेतून फुंकत नव्हता. धाकट्याच्या.

धाकटा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. आईबाप लवकर गेले, भात्यानं त्याला अंगाखांद्यावर वाढवला. स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, “माझं घोरणं ऐकायला कुणाच्या पोरीनं जन्म घेतला नाही.” धाकट्याचं मात्र हौसेनं लावून दिलं. त्याला टोळीत आणला तोही यानंच, हाताला धरून. मुकादमापुढे उभा करून म्हणाला, “माझाच भाऊ आहे, काळजी नको.” धाकटा हडकुळा, नकला करण्यात पटाईत. साहेब मास्क लावून कसा बोलतो हे त्यानं करून दाखवलं की तळघरात हसण्याचा कल्ला व्हायचा. काही वर्षांत हसता हसता खोकू लागला. मग खोकता खोकता हसू लागला. मग नकला बंद झाल्या. जिन्यात चप्पल नीट करायचं निमित्त करून प्रत्येक मजल्यावर वाकायचा, म्हणजे थांबलेला दिसू नये.

त्याच्या नावावर भाता पूर्ण छाती रिकामी करायचा. दर वर्षी. माया होती ती, आणि थोडा तोराही होता. आपल्या भावाचा आकडा टोळीत सगळ्यांत वर पाहिजे. एका वर्षी तर धाकट्याचा आकडा खुद्द भात्याच्या आकड्याच्या वर गेला, कारण स्वतःच्या नावाची पाळी येईपर्यंत हा दमलेला. मुकादम म्हणालाही होता, “अरे, भावाला इतकं भरभरून नको देऊस.” भाता म्हणाला, “त्याला नाही देणार तर कुणाला देऊ?”

मग कंपनीच्या एका बड्या गिऱ्हाइकानं अट घातली की कामगारांची तपासणी बाहेरच्या डॉक्टरकडून झाली पाहिजे. कंपाउंडर गेला आणि एक डॉक्टरीण आली. केस आवळून बांधलेले, बोलणं नेमकं, नजर माणसाच्या तोंडावर. टोळीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं पहिल्या दिवशीच सांगितलं की सगळ्यांनी साबणानं अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून यायचं. आणि सोबत नवा नियमही सांगितला. ज्याचा श्वास या कामानं घटला असेल त्याला घरी बसवायचं नाही. त्याला धुळीतून काढून गोदामात बसायचं काम द्यायचं, पगार तोच, निवृत्तीपर्यंत. पण घट दिसली पाहिजे. छातीच्या फोटोत थोडंफार जाळं सगळ्यांच्याच होतं, नुसत्या त्यावर भागणार नव्हतं. आधीच्या वर्षांचे आकडे एका बाजूला, आजचा आकडा दुसऱ्या बाजूला, आणि उतार बघायचा.

त्या रात्री भाता गाढ झोपला. मनात म्हणाला, सुटला माझा भाऊ. आता त्याला गोदामात खुर्ची मिळेल, खिडकी मिळेल, पोरगा टिकेल. त्याला एवढंच हवं होतं, धाकटा त्या भुग्यातून बाहेर यावा आणि जगावा. बाकी जग गेलं खड्ड्यात.

पाळी आली. मुकादम धुतल्या तोंडानं आत गेला, फुंकला, आणि आकडा पार खाली. डॉक्टरणीनं मागचे आकडे काढले. दर वर्षी थोडा थोडा उतार, या वर्षी मोठा. ती म्हणाली, “स्पष्ट आहे. तुम्ही उद्यापासून गोदामात.” जाड्याचं तेच. विडीवाल्यांचं तेच. ज्याच्या त्याच्या नावावर भात्यानं असा सुरेख उतार करून ठेवला होता की बाईला शंका घ्यायला जागा नव्हती. एकेक जण बाहेर येऊन भात्याच्या पाठीवर थाप मारत होता. जाड्या तर त्याच्या पाया पडला.

मग धाकटा आत गेला. भाता दाराबाहेर उभा, दार अर्धवट उघडं.

धाकट्यानं नळी धरली आणि फुंकला. अर्ध्यावर खोकला आला. डॉक्टरीण म्हणाली, “पुन्हा.” पुन्हा फुंकला, या वेळी सुरुवातीलाच अडकला. “पुन्हा.” तिसऱ्या वेळी नळीत थुंकी आणि सुस्कारा, बाकी काही नाही. तिनं मागचे आकडे पाहिले, मग धाकट्याकडे पाहिलं, मग पुन्हा आकडे.

“गेल्या वर्षी तुमचा आकडा सगळ्या टोळीत पहिला होता,” ती म्हणाली. “त्याच्या आधीही. आणि आज तुम्हाला मेणबत्ती विझवता येत नाही?”

“येत नाही बाई.”

“तीन वेळा फुंकलात, तिन्ही वेळा वेगळं. खरा आजारी माणूस तिन्ही वेळा सारखंच कमी फुंकतो. जो जोर लावत नाही त्याचंच असं वेडंवाकडं येतं.”

“खोकला येतोय म्हणून…”

“खोकला सगळ्यांनाच काढता येतो.” ती चिडली नव्हती, तेच वाईट होतं. “बसायचं काम ऐकून पुष्कळांना खोकला येतो. पुन्हा फुंका.”

तिनं त्याला फुंकायला लावलं, आणि फुंकायला लावलं. धाकट्याचे ओठ निळसर पडले, डोळ्यांतून पाणी आलं, तो टेबलाची कड धरून उभा राहिला. शेवटी ती म्हणाली, “नाटक पुरे,” आणि लिहिलं, कामास योग्य. तिचंही काय चुकलं म्हणा. समोर आकडे होते आणि आकडे पैलवानाचे होते.  दाराबाहेर भात्याला कळलं, आपण हे काय करून ठेवलं. परक्यांना बेतून दिलं ते तरले. भावाला जीव ओतून दिलं तो बुडाला.

दुसऱ्या दिवशी टोळीतले बहुतेक गोदामात खुर्च्यांवर बसले आणि धाकटा तळघरात उतरला. माणसं कमी, म्हणून काम दुप्पट. एका बंद पडलेल्या इस्पितळाचे पाइप सोलायचे होते. भाता त्याला हात लावू देत नव्हता, कोपऱ्यात बसवायचा, स्वतः दोघांचं उतरवायचा. पण धूळ काय काम करणाऱ्याच्याच नाकात जाते? कोपऱ्यात बसलेल्याच्याही जाते.

घर दोन खोल्यांचं. मधे प्लायवूडची भिंत. रविवारी दुपारी जेवताना भावजयीनं ताट वाढलं आणि स्वतः न जेवता समोर बसली. बोलणारी बाई नव्हती ती, पण त्या दिवशी बोलली.

“दादा, तुम्ही जाऊन सांगा. की ती फुंक तुमची होती.”

भाता घास चघळत राहिला. “सांगितलं तर सगळ्यांचंच बाहेर येईल.”

“येऊ दे.”

“त्यांच्याही घरी बायकापोरं आहेत.”

“त्यांच्या बायकांना माझी दया आली का? मुकादमाची बायको काल नळावर म्हणाली, तुझ्या नवऱ्याला जोर लावायचा कंटाळा. मी बादली तिच्या पायावर घातली असती.”

भात्यानं धाकट्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, हा तरी नको म्हणेल. हा मोठ्या मनाचा आहे. धाकटा भिंतीला टेकून बसला होता, पुढ्यातलं ताट तसंच. तो एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “दादा, मला मरायचं नाही. सांग तू.”

मग कसली आली टोळी आणि कसलं काय. भाता उठला, हात धुतले, आणि आधी मुकादमाकडे गेला, कारण पाठीमागून वार करणाऱ्यातला तो नव्हता. इथेच गाढवपणा झाला. मुकादमानं सगळ्यांना जमवलं. गोदामाच्या मागे, काचेच्या कापसाच्या गाद्यांवर सगळे बसले.

मुकादम म्हणाला, “झाकली मूठ सव्वा लाखाची. तू उघडलीस की सगळेच रस्त्यावर.”

“माझा भाऊ मरतोय.”

“आम्ही काय पाळण्यात झोपलोय? आम्हीही मरतोयच, पण खुर्चीत बसून मरतोय. तू एकासाठी सगळ्यांना पुन्हा खाली ढकलणार?”

जाड्या म्हणाला, “तुला देव मानला होता रे.” आणि त्याचे डोळे भरून आले. भात्याला शिवी चालली असती, हे सोसेना. विडीवाला एक जण शांतपणे म्हणाला, “असंही भाऊ किती दिवसांचा तुझा? जरा हिशेबानं बघ.” भात्यानं त्याच्या तोंडात भडकावली. मग सगळ्यांनी मिळून भात्याला धरलं, पण मारायला कुणाच्या अंगात दमच नव्हता. दोन हिसके देऊन सगळे धापा टाकत खाली बसले. खोकत बसले. भाता एकटा उभा, श्वास सुद्धा न फुललेला. त्याला त्यांची किळस आली आणि लाजही वाटली, आणि तो निघून गेला.

डॉक्टरणीनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “सिद्ध करा.” भात्यानं नळी धरली. आधी धाकट्याच्या नावाचं फुंकला, तंतोतंत आकडा. मग मुकादमाचं, मग जाड्याचं, मग विडीवाल्यांचं ठसक्यासकट. एकेकाचा श्वास त्यानं तिथे त्या टेबलावर काढून ठेवला. तिचा चेहरा पांढरा पडत गेला. शेवटी ती म्हणाली, “तुमच्या भावाला मी त्या दिवशी फार फुंकायला लावलं.” तेवढंच. मग तिनं फोन उचलला, कारण तिला उचलावाच लागणार होता.

भात्याला वाटलं होतं, धाकट्याचे खोटे आकडे पुसले जातील आणि खरा दिसेल. पुसले गेले, सगळ्यांचेच. आणि सगळे पुसले गेल्यावर उरलं काय? उतार दाखवायला आधीचा आकडा लागतो, आणि आधीचा एकही आकडा आता खरा नव्हता. कंपनीच्या साहेबानं सगळ्यांना मोठ्या खोलीत उभं केलं. सोबत एक वकील होता, अगदी हसतमुख माणूस. त्यानं विचारलं, “तुमची छाती धडधाकट होती तर दुसऱ्याला फुंकायला का लावलंत?” उत्तराची वाट न बघता तो म्हणाला, “म्हणजे छाती आधीपासूनच कमजोर. ती लपवून तुम्ही कामाला लागलात. फसवणूक कंपनीची झाली आहे, तुमची नाही.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सगळ्यांना एका फटक्यात काढलं. आजारी म्हणून काढलं असतं तर औषधाला तरी काही मागता आलं असतं, लबाड म्हणून काढलेल्याला कोण विचारतो. धाकट्याला सुद्धा काढलं. त्याच्या नावावर तर सगळ्यांत मोठी लबाडी. आणि कंपनीचं काय झालं? सुंठीवाचून खोकला गेला. इतके खोकणारे एकदम गेले, आणि तेही आपल्या तोंडानं कबूल होऊन.

भात्यालाही काढतील असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्याचंच टोळीला समाधान होतं. पण साहेबानं त्याला आत बोलावून घेतलं, बसायला सांगितलं. म्हणाला, “तू स्वतःहून खरं सांगितलंस. आणि तुझी छाती खरीच तुझी आहे. नवी माणसं घेतोय, त्यांना लेप कसा सोलायचा हे शिकवायला जुना एक तरी हवा. तू मुकादम.”

भात्यानं काय करायला हवं होतं? टेबल उलटायला हवं होतं, असं तुम्ही घरी बसून म्हणाल. त्याच्या घरी धाकटा होता, त्याला प्राणवायूचं नळकांडं लागत होतं, आणि कमावणारा हा एकटा. तो “बरं” म्हणाला.

गल्लीत ती बातमी त्याच्या आधी पोचली. नळावर बायका त्याला बघून बादल्या उचलायच्या. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं जुना मुकादम त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, आणि तेवढं म्हणूनच धापा टाकायचा. जाड्या पहिला गेला. भाता खांदा द्यायला गेला तर जाड्याच्या थोरल्या मेहुण्यानं त्याला दारातच अडवलं. म्हणाला, “तुमचा खांदा नको. एकदा दिलात तेवढा पुरे.” भाता रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला आणि सगळे गेल्यावर घरी आला.

रोज कामावरून आला की तो मोरीत तासभर स्वतःला घासायचा. कपडे बाहेरच सोडायचा. मग धाकट्याजवळ जाऊन बसायचा. धाकट्याला आता आडवं होता येत नव्हतं. पाठीशी उशा रचून, गुडघ्यांवर कोपरं टेकून तो बसून असायचा, नाकात नळी. बोलणं दोन शब्दांवर आलं होतं. श्वास घेताना गळ्याखालचा खळगा आत जायचा, बरगड्या दिसायच्या, आणि मग थोडंसं काहीतरी आत जायचं. भाता बघत बसायचा. त्याला वाटायचं, काढून देता आलं असतं तर दिलं असतं, आणि मग आठवायचं की दिलं होतं, वर्षानुवर्षं दिलं होतं, त्याचंच हे फळ.

एका दुपारी तो असाच जवळ बसला होता. सुट्टीचा दिवस, भावजय कपडे वाळत घालत होती. खोलीत दोघांच्या श्वासांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. एक करवतीसारखा अडकत अडकत चाललेला, आणि दुसरा मोठा, सावकाश, खोल, पोटापासून भरून घेतलेला.

“दादा,” धाकटा म्हणाला.

“काय रे? पाणी?”

“तिकडच्या… खोलीत… बस.”

“का रे बाळा?”

धाकट्यानं डोळे मिटले. बोलायला लागणारी हवा गोळा करायला त्याला वेळ लागला. “तू… श्वास घेतोस. ऐकवत नाही.”

 भाता उठला आणि पलीकडच्या खोलीत गेला. प्लायवूडच्या भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि हळू, वरवरचा श्वास घेऊ लागला, नाकाच्या शेंड्यानं घेतल्यासारखा. ते जमेना. असली छाती थोडक्यावर भागत नाही, दोनचार वेळा आवरलं की मोठा हुंदक्यासारखा श्वास आपोआप ओढला जायचा. थोड्या वेळानं भावजय दारात आली. तिला सांगताना लाज वाटत होती, ती पदराच्या टोकाकडे बघत बोलली.

“दादा, अजून ऐकू येतंय म्हणतात.”

“मी जिन्यात बसतो,” भाता म्हणाला.

जिन्यात ऊन येत होतं. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी पोर पाढे म्हणत होतं. जुना मुकादम त्याच इमारतीत वर राहायचा, तो पिशवी घेऊन चढत होता. दर तीन पायऱ्यांनी थांबत, कठड्याला लोंबकळत. भात्यापाशी आला तेव्हा शिवी घालायला त्यानं तोंड उघडलं, पण शिवीपुरती हवा नव्हती.  भात्यानं पाय आखडून घेतले, मुकादम पुढे गेला. त्याची पिशवी वर नेऊन द्यावी असं भात्याला वाटलं, पण तो उठला नाही.

ऊन पायऱ्यांवरून सरकून भिंतीवर गेलं. भाता गुडघ्यांत तोंड खुपसून, दोन्ही हात नाकातोंडावर दाबून बसला होता. दार उघडल्याचा आवाज आला. भावजय उंबऱ्यात उभी होती. डोळे कोरडे होते, आवाज रोजच्यासारखा होता.

“दादा, आत या,” ती म्हणाली. “आता त्यांना तुमचा त्रास नाही.”

भाता जिन्यातून उठला आणि आत गेला.